दोन साडू आणि एक घाट

नागपुरात डोंगर नाही, असं नागपूरकराला कुणी सांगितलेलं चालत नाही. तो लगेच सेमिनरी हिल्सचं नाव पुढे करतो. आमच्या हुडकेश्वरला तेवढीही सोय नाही. शहराच्या आग्नेय टोकाला आम्ही, शेजारून उमरेड रोड गेलेला. त्या रस्त्यानं जात राहिलं तर उमरेडची कोळशाची खाण लागते, भिवापूरची मिरची लागते. चढ काही लागत नाही. इथल्या माणसाची घाटाशी ओळख उड्डाणपुलावर होते आणि पूल उतरला की संपते.

त्यामुळे माझ्या साडूंनी घाटात मोटरसायकल चालवण्याचा सगळा पोशाख घेतला, तेव्हा गल्ली बघायला जमली. गुडघ्यांना वाट्या, कोपरांना वाट्या, पाठीला वेगळा कणा, हातमोज्यांच्या बोटांवर टणक उंचवटे.

“हे घालून पडलं तर लागत नाही,” साडू म्हणाले.

“पण हे घालून बसता येते का?” शेजारच्या काकूंनी विचारलं.

साडूंकडे स्कूटर आहे आणि स्कूटरवर हा पोशाख शोभत नाही असं त्यांचं मत. म्हणून गाडी माझी ठरली: 97.2 सीसीची, जुनी स्प्लेंडर. चालवणार मी, आणि पोशाख मागे बसणार.

बेत लडाखचा होता. खारदुंग ला! त्या खिंडीतल्या पाटीवर कैक वर्षं 18,380 फूट असा आकडा होता. पुढे नीट मोजल्यावर खिंड 17,582 फूट भरली. हे मी सांगताच साडू खूश झाले. “बघा, घरून निघायच्या आतच आठशे फूट चढ कमी झाला.” उरलेली उंची दोघी बहिणींनी, म्हणजे माझ्या आणि त्यांच्या बायकोनं, फोनवर आपसात कमी केली. शेवटी लडाखचं चिखलदरा झालं. उंची 1,118 मीटर, अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पडलो-झडलो तर आणायला जाता येईल असं.

आडवाटेनं जायचं हे मात्र आमचं आधीच ठरलं होतं. ठरलं म्हणजे सरकारनं ठरवलं होतं. नागपुरातून मुंबईकडे 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग निघतो, पण त्यावर दुचाकीला बंदी. राज्यातला सगळ्यात मोठा रस्ता आपल्या दारातून सुरू व्हावा आणि आपल्यालाच वर पाय ठेवू देऊ नये, यानं साडू दुखावले होते. “आपण स्वखुशीनं लहान रस्ते निवडले असं सांगत जा,” त्यांनी मला बजावलं.

मोहीम शून्यापासून सुरू व्हावी म्हणून ते आधी मला झिरो माईलला घेऊन गेले. तिथं खांबावर त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची इंचालाही लाजवील इतकी बारीक कोरलेली आहे: 1020.171 फूट. शेजारी घोड्यांचे चार पुतळे. आमच्या इंजिनात त्याच्या दुप्पट, म्हणजे साधारण आठ. पण पुतळ्यातल्या घोड्यांना साडूंना वाहून न्यायचं नव्हतं. फोटो काढायचा तर हिवाळी अधिवेशनाचे शेवटचे दिवस. 1953च्या नागपूर कराराप्रमाणे सरकार हिवाळ्यात आमच्याकडे येतं आणि सरकारच्या मागोमाग मोर्चे येतात. जिकडे तिकडे बॅरिकेड. एका हवालदारानं साडूंच्या गुडघ्यांकडे, कोपरांकडे, हेल्मेटकडे पाहिलं आणि जरा मागे सरून विचारलं, “कोणत्या मोर्च्याचे?”

“आम्ही दोघंच आहोत,” साडू म्हणाले.

“मंग लवकर निघा. दोघायचा मोर्चा नसते.”

काटोल नाका सुटला तसा रस्ता अरुंद झाला आणि साडूंचा आवाज मोठा. मोबाइलवरचा नकाशा त्यांच्या हातात होता, पण हातमोज्याच्या बोटाला मोबाइल ओळख दाखवत नव्हता आणि हातमोजा काढायला साडू तयार नव्हते. काटोलात आलुबोंड्यावर रस्सा ओतून घेतला आणि पुढची वाट माणसांना विचारायची ठरवलं. एका फाट्यावर पारावर बसलेल्या आजोबांना विचारलं, “जलालखेडा इकडूनच ना?”

“सिधे जा. मंग एक पिंपळ लागते, तो सोडून द्या.”

“बरं.”

“मंग शाळा लागते, थेबी सोडून द्या. मंग एक मोठ्ठी विहीर लागते.”

“तीही सोडून द्यायची?”

“सोडा नाई तं काय, तिच्यात जाता? थिसून पुढं कोनालेबी इचारजा.”

आडवाटेचं हेच सुख आहे. मोठ्या रस्त्यावरच्या पाट्या एकदाच काय ते सांगून मोकळ्या होतात. इथं दर पाच मैलांवर कुणीतरी आपल्याला पुढच्या माणसाच्या हवाली करतं. त्यातला एकही जण ‘माहीत नाही’ म्हणत नाही. माहीत नसलं तर तो नुसता जास्त वेळ सांगतो.

जलालखेड्याला जाम आणि वर्धा या नद्या मिळतात, आणि संगमावर आमनेरचा किल्ला पडलेला आहे. वर्धा ओलांडली की नागपूर जिल्हा संपून अमरावती लागतो. पुलावर गाडी थांबवून मी साडूंना सांगितलं की 1803 साली देवगावच्या तहात नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी याच नदीच्या पश्चिमेचा मुलूख गमावला.

“म्हणजे आता आपण गमावलेल्या मुलखात चाललो?”

“हो.”

त्यांनी हेल्मेटची काच खाली केली. मुलूख परत घ्यायचा असला तर तयारी होती.

प्रत्यक्षात त्यांनी परत घेतली ती संत्री. वरुडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात; डिसेंबरात तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग असतात. नागपूरच्या नावानं जगभर खपणारं फळ बरंचसं इथं, म्हणजे अमरावती जिल्ह्यात पिकतं, ही गोष्ट नागपूरकर चारचौघांत बोलत नाही. साडूंनी भाव विचारला. भाव ऐकून त्यांच्या तोंडून “काय सांगता!” निघालं, आणि त्यानंतर माझं काही चाललं नाही. एक चुंगडी भरली गेली. डोंगरावर जाताना माणूस ओझं कमी करतो असं मी सुचवून पाहिलं. “इतक्या स्वस्तात ओझं मिळत नसते,” साडू म्हणाले. चुंगडी कॅरिअरला बांधली. साडू पुढे सरकले, मी टाकीवर सरकलो, आणि मोर्शी, शिरजगाव करत आम्ही बहिरमला थोडं वाकडं गेलो.

बहिरमची यात्रा नुकती भरू लागली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी महिनाभराहून जास्त चालणारी ही यात्रा देवापेक्षा हंडीसाठी जास्त गाजलेली. राहुट्यांपुढे गोवऱ्यांचे जाळ, मातीच्या हंडीत शिजणारं मटण आणि निखाऱ्यात भाजलेले रोडगे. साडूंचा मार्गशीर्ष होता, माझा नव्हता. ते माझ्यासमोर वांग्याची भाजी घेऊन बसले आणि माझ्या ताटाकडे पाहत रस्ता सुरक्षेवर बोलत राहिले. मुक्काम परतवाड्याला केला.

दुसऱ्या दिवशी घाट आला. म्हणजे आधी वळण आलं, मग दुसरं, मग गाडीनं तिसऱ्या गेअरमधून सूर खाली आणला. मी दुसरा टाकला. मग पहिला. पहिल्याच्या खाली स्प्लेंडरमध्ये न्यूट्रल आहे आणि त्याखाली साडू. एका उभ्या वळणावर गाडी जागच्या जागी विचार करू लागली.

“काय झालं?”

“आठ घोडे आहेत. दोन साडू, एक चुंगडी आणि तुमचा कणा.”

“मग संत्री उतरवू?”

मी काही बोललो नाही. ते उतरले. वाटेच्या कडेला एक चहाची टपरी होती, तिथं एक गवळीदादा बसले होते. चिखलदऱ्याच्या पठारावर गवळ्यांची जुनी वस्ती. मोथ्याकडचं दूध आणि खवा खाली बाजाराला जातो. सकाळी भरल्या कॅन घेऊन ते घाट उतरले होते, आता रिकाम्या कॅन घेऊन चढत होते. गाडी माझ्यासारखीच, मात्र माझ्याहून म्हातारी; दोन्ही बाजूंना दोन-दोन कॅन, आरसे नाहीत, अंगात एक स्वेटर आणि कानाला मफलर.

“कुठी चालले?”

“चिखलदऱ्याला,” साडू म्हणाले.

“काम आहे?”

“नाही. असंच.”

“असंच?” त्यांनी पुन्हा एकदा गुडघ्यांच्या वाट्यांपासून वर नजर नेली. आपण रोज पोटासाठी करतो ती गोष्ट लोक सुट्टी काढून, पैसे खर्चून, चिलखत घालून ‘असंच’ करतात, हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माह्या मांगं बसा. कॅना खाली हायेत.”

अशा रीतीनं साडूंची मोहीम चार दुधाच्या कॅनांमध्ये बसून गाविलगडाकडे निघाली. घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी असा नियम आहे. दोन्ही गाड्या चढत असतील तर काय, ते त्या नियमात नाही. माझ्यासोबत फक्त संत्री होती, तरी पुढच्याच वळणावर ती म्हातारी गाडी खणखणत माझ्या बाजूनं निघून गेली. साडूंनी कॅन सोडून हात हलवला आणि घाईनं पुन्हा कॅन धरली. मी वर पोचलो तेव्हा ते खव्याचा द्रोण हातात घेऊन उभे होते. “फार वेळ लागला तुम्हाला,” असं म्हणाले.

गाविलगडाच्या तटावर मी त्यांना बाकीचा इतिहास सांगितला. 1803च्या डिसेंबरातच इंग्रज सेनापती वेलस्लीनं हा किल्ला घेतला. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनच्या आड आला. किल्ल्याची उत्तरेची बाजू गाठायला त्याचा साथी स्टीव्हन्सन याच डोंगरातून जड तोफा घेऊन आला. रस्ता नव्हता, शिपाई तो करत पुढे सरकले आणि तोफा हातांनी ओढल्या. 15 डिसेंबरला किल्ला पडला, दोन दिवसांनी तह झाला. साडूंनी दरीकडे पाहत सगळं ऐकलं.

“म्हणजे तेव्हाही मागे बसणाऱ्यांना उतरून चालावंच लागलं,” ते म्हणाले.

उतरताना वाद न्यूट्रलवरून झाला. उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडली की पेट्रोल वाचतं, हे ज्ञान विदर्भातल्या प्रत्येक घरात एका तरी साडूला असतं. पण गवळीदादांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “ज्या गेरात चढले त्याच गेरात उतरा. बिरेक तापला का मंग गाडी तुमचं आयकत नाही.” यात भौतिकशास्त्र होतं. गेअरमध्ये असलेलं इंजिन चाकाला मागे ओढतं. ते सुटलं की सगळा भार ब्रेकच्या शूवर येतो, आणि ड्रम तापला की शूची पकड जाते. साडू गप्प बसले, मात्र सेमाडोहपर्यंत दर वळणाला वाया गेलेल्या पेट्रोलचा हिशेब त्यांनी मोठ्यानं केला.

खाली मेळघाट. 1973-74 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत हे होतं. सागवान, बांबू, खाली सिपना नदी आणि मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे दोन्ही बहिणींना काही वेळ एकमेकींशीच बोलावं लागलं. साडू आता पोशाखाबद्दल समाधानी होते. वाघ आला तर निदान गुडघे वाचणार होते. नाक्यावरच्या वनरक्षकानं त्यांची समजूत काढली, “वाघाचं भेव नका ठेवू. अस्वलाचं ठेवा.”

मग त्यानं नोंदवही उघडली. गाडीचा नंबर, कुठून, कुठे. हुडकेश्वर लिहिताना दोनदा विचारलं. शेवटचा रकाना प्रयोजनाचा होता. साडू छाती काढून ‘मोटरसायकल मोहीम’ म्हणणार, एवढ्यात त्यानं कॅरिअरवरची चुंगडी पाहिली आणि न विचारता लिहून टाकलं: संत्री विक्री.

साडूंनी हेल्मेट काढलं. अपमान झाला होता, आणि तो सरकारी वहीत शाईनं झाला होता.

“अहो, आम्ही काय तुम्हाला...”

“कशी दिली डझन?” वनरक्षकानं विचारलं.

साडू थबकले. वरुडचा भाव त्यांनी मनात आठवला, त्यावर घाट धरला, जंगल धरलं, वाया गेलेलं पेट्रोल धरलं. मग हातमोजे काढून चुंगडीची गाठ सोडायला वाकले आणि मला म्हणाले, “गाडी जरा सावलीत घ्या. माल तापून राहिला.”