कंटाळा येऊ द्या

माइनक्राफ्टची पहिली रात्र खेळलेला माणूस ती विसरत नाही. सूर्य कलतो. हातात लाकडी कुऱ्हाडीपलीकडे काही नाही, घर बांधायला वेळ नाही. मग डोंगराच्या कुशीत घाईघाईनं भोक पाडायचं, आत शिरायचं, मातीचा ठोकळा लावून तोंड बुजवायचं आणि काळोखात बसून बाहेरच्या झोंबींचं गुरगुरणं ऐकत उजाडायची वाट बघायची. पुढे लोखंड सापडतं, हिरे सापडतात, ड्रॅगन मरतो, पाठीला पंख लावून उडताही येतं. आणि एक दिवस तोच माणूस स्वतः बांधलेल्या किल्ल्यात उभा असतो, पेट्या हिऱ्यांनी भरलेल्या असतात आणि आता काय करायचं ते त्याला सुचत नाही. खेळणारे हे उघड बोलतात: माइनक्राफ्ट दोन आठवडे झपाटल्यासारखा खेळायचा, मग कित्येक महिने त्याचं तोंड बघायचं नाही.

हा काही टाकाऊ गेम नव्हे. जगात सगळ्यात जास्त विकला गेलेला गेम आहे. २०२३ मध्येच त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. तरी त्याचा कंटाळा येतो.

यायलाच हवा. चांगल्या गेमचा कंटाळा आला तर दोष गेमचा नाही आणि तुमचाही नाही. गेमपाशी शिकवण्यासारखं जे होतं ते तुम्ही शिकलात, एवढाच त्याचा अर्थ. माझा राग आहे तो हा कंटाळा येऊच नये म्हणून दिवसरात्र राबणाऱ्या धंद्यावर.

आधी कंटाळ्याकडे नीट बघू. राफ कोस्टर हा १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’चा प्रमुख रचनाकार. गेम का आवडतो, यावर त्यानं ‘अ थिअरी ऑफ फन’ हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की गेममधली मजा ही शिकण्याची मजा असते. मेंदू समोरच्या गोष्टीतली चाल ओळखू बघतो, ती हळूहळू उलगडत जाते, तेव्हा आपल्याला बरं वाटतं. पुरती उलगडली की मजा थांबते. फुली-गोळा आठवा. वहीच्या मागच्या पानावर मुलं तो तासन्‌तास खेळतात. मग कधीतरी लक्षात येतं की दोघंही नीट खेळले तर कोणीच जिंकत नाही. त्या दिवसानंतर मागची पानं कोरी राहतात. त्या मुलाला कोणी चंचल म्हणत नाही, कारण तो शहाणा झालेला दिसतो.

मेंदूतही तेच घडतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्रम शुल्त्स यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की माकडाच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी उसळून उठत. दिवा लागला की रस मिळतो हे कळल्यावर त्याच पेशी दिव्याला उसळू लागल्या. रस मिळाल्यावर त्या शांतच. रस तोच, थेंब तेवढाच, फक्त तो येणार हे आधीच ठाऊक. शंभराव्या खजिन्याची पेटी उघडताना अंगठा आपोआप चालतो आणि डोळे घड्याळाकडे जातात, ते यामुळेच.

आपल्याकडे ज्यांनी सायबर कॅफेत ‘व्हाइस सिटी’ खेळला, त्यांना हे वेगळ्या वाटेनं कळलेलं आहे. खिशात चीट कोडची चिठ्ठी असायची. ‘पँझर’ टाइप केलं की रणगाडा हजर, दुसरा कोड टाकला की पोलीस गायब. पहिल्या दिवशी त्याच्यासारखं सुख नाही. पण रणगाड्यात बसलेल्याला शहरात अडवणारं काहीच उरत नाही, आणि अडवणारं काही उरलं नाही की करण्यासारखंही उरत नाही. मिशनांना हात न लावता याच गेमवर वर्षं काढणारी मुलंही होती. ती काय करत? कोणी लाल सिग्नलला गाडी थांबवायची असा नियम स्वतःवर घालून घेई. कोणी एक ओरखडा न उठवता अख्ख्या शहराला फेरी मारायची पैज लावी. गेम बनवणाऱ्यांनी दिलेलं संपल्यावर त्यांनी स्वतःची अडचण तयार केली. मला ती मुलं मोठी खेळाडू वाटतात.

अशा अडचणी शोधणाऱ्यांचं सगळ्यात भव्य उदाहरण टेट्रिसचं. मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यानं १९८४ मध्ये तो बनवला. निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर तो १९८९ मध्ये आला. त्या आवृत्तीत २९ व्या पातळीला ठोकळे इतक्या वेगानं पडतात की बटण दाबून धरलं तरी ते कडेपर्यंत पोचत नाहीत. इथे गेम संपतो असंच वर्षानुवर्षं मानलं गेलं. मग काहींनी बोट थरथरवत बटण भराभर दाबायची रीत बसवली आणि २०११ मध्ये एक जण ३० व्या पातळीवर पोचला. पुढे आणखी वेगळी रीत निघाली: अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि कंट्रोलरच्या पाठीवर दुसऱ्या हाताची बोटं एकामागून एक वाजवायची. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा अशा बोटांनी १५७ व्या पातळीपर्यंत गेला आणि गेमच गोठला. यंत्राला पुढचं जमेना. त्या मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा हा गेम, त्यातला एक ठोकळाही बदललेला नव्हता. शिकण्यासारखं काही उरलं होतं म्हणून तो जिवंत राहिला, आणि ते शोधलं खेळणाऱ्यांनी.

बुद्धिबळाचा कधी कंटाळा येत नाही, असं कोणी मध्येच म्हणेल. येतो. सुरुवातीच्या चाली सगळ्यांना पाठ झाल्या म्हणून बॉबी फिशरनं १९९६ मध्ये मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठ्या टाकून मांडायचा प्रकार पुढे आणला. मॅग्नस कार्लसननं २०२२ मध्ये जगज्जेतेपदाचा सामना पुन्हा खेळायला नकार दिला, कारण त्याला तो खेळावासा वाटेना. पाच वेळा जिंकून झालं होतं. बुद्धिबळ मात्र त्यानं सोडलं नाही. जगज्जेत्याला हे म्हणायची मुभा असेल, तर बारा वर्षांच्या पोरानं हजारो रुपयांचा गेम बाजूला ठेवल्यावर ‘तुझं कशातच मन लागत नाही’ म्हणून त्याच्यावर ओरडू नका.

आता धंद्याकडे वळू.

मोबाइल गेम चालवणाऱ्या कंपन्यांत ‘रिटेन्शन’ नावाचा आकडा देवासारखा पुजला जातो. गेम उतरवून घेतलेल्यांपैकी दुसऱ्या दिवशी किती परतले, आठवड्यानं किती, महिन्यानं किती. या आकड्याच्या लेखी कंटाळा हा शत्रू. त्याच्याशी लढायचे दोन रस्ते आहेत. एक, खेळात शिकण्यासारखं आणखी काही घालायचं. हे महाग पडतं आणि त्याला प्रतिभा लागते. दुसरा, खेळणाऱ्याला मजा येवो न येवो, तो निघून जाऊ शकणार नाही अशी तजवीज करायची. हा स्वस्त.

‘फार्मव्हिल’ आठवतो? २००९ मध्ये फेसबुकवर आला आणि ज्यांनी कधी गेम खेळला नव्हता अशी घरातली मोठी माणसंही शेती करू लागली. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार. वेळेवर काढली नाही तर करपून जाई. लोक रात्री गजर लावून उठत होते. ती शेती मजेची होती का? पहिले काही दिवस, हो. त्यानंतर माणूस पीक वाया जाऊ नये म्हणून येत होता. ३१ डिसेंबर २०२० ला तो गेम बंद झाला, पण त्याची युक्ती सगळीकडे पोचली. रोज येऊन बक्षीस उचला. सलग सात दिवस आलात तर मोठी पेटी, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बॅटल पास विकत घ्या, सीझन संपायच्या आत सगळे टप्पे पुरे करा, नाहीतर पैसे भरूनही पोशाख मिळणार नाही. शिकण्यासारखं कधीच संपलेलं असतं, हजेरी मात्र चालू राहते. माणूस कंटाळलेला असतो आणि तरीही खेळत असतो. माझ्या मते गेमच्या जगात याहून वाईट काही घडत नाही.

‘कँडी क्रश’ त्याहून बेरकी. पाच जीव. गेला की अर्ध्या तासानं एक परत मिळतो. पोट भरायच्या आतच ताट उचलून न्यायचं, म्हणजे भूक राहते आणि माणूस त्याच दारात घुटमळतो. सलग चार तास खेळू दिलं तर लोक आठवड्याभरात कंटाळतील, मोकळे होतील. तेच तर कंपनीला नको आहे.

काहींना वाटतं गेम आणखी मोठा केला की कंटाळा हटेल. ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ मध्ये आला तेव्हा त्यात २ चा ६४ वा घात एवढे ग्रह होते. माणसाच्या सगळ्या पिढ्या बसल्या तरी बघून होणार नाहीत इतके. सुरुवातीला ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानावर दोन लाखांहून जास्त लोक एकाच वेळी खेळत होते. काही आठवड्यांत बहुतेक निघून गेले. आकाश इथे हिरवं, तिथे जांभळं, पण उतरायचं, खणायचं, इंधन भरायचं, उडायचं, हे सगळीकडे सारखंच. बनवणाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षं फुकट भर घालत गेम सुधारला, हे त्यांच्या पदरात घालायलाच हवं. ‘डाइंग लाइट २’ च्या वेळी, २०२२ मध्ये, कंपनीनं अभिमानानं सांगितलं की सगळं पुरं करायला पाचशे तास लागतील, वॉर्सा ते माद्रिद पायी जायला लागावेत जवळपास तेवढे. खेळणारेच वैतागले. कामधंदा आहे, घर आहे, झोप आहे. मुख्य कथा बरीच लहान आहे, असा खुलासा मग करावा लागला. २००७ चा ‘पोर्टल’ तीन-चार तासांत संपतो आणि आजही लोक त्याच्याबद्दल भरभरून बोलतात.

त्याहून धीट ‘आउटर वाइल्ड्स’. २०१९ चा. एक छोटी सूर्यमाला, दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट, पुन्हा पहिल्यापासून. शस्त्र नाही, पातळी वाढत नाही, पैसे साठत नाहीत. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत फक्त तुम्हाला कळलेलं तेवढं सोबत येतं. म्हणूनच तो दुसऱ्यांदा खेळता येत नाही. जे कळलं ते विसरता येत नाही ना. त्याचे चाहते काय करतात? मित्राला खेळायला बसवतात आणि शेजारी बसून तोंड मिटून त्याचा चेहरा बघतात. संपण्याची तयारी ठेवून बनवलेला गेम माणसाला एवढा जीव लावतो.

एका प्रकारचा कंटाळा मात्र शिकण्याशी जोडलेला नाही. त्याबद्दल बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीनं तो भोगला आहे. २०१८ मध्ये पबजी फोनवर आला आणि वसतिगृहाच्या खोल्यांत, कट्ट्यावर, रात्रपाळीच्या सुट्टीत चौघांची टोळी जमू लागली. नकाशातल्या पोचिंकीला उतरायचं की शाळेवर, यावर भांडणं. ‘मागे बघ, मागे!’ म्हणून ओरडणं. स्वतः रांगत मित्राला उठवायला जाणं आणि दोघांनी मरणं. २०२० च्या टाळेबंदीत कित्येकांना दिवसातली माणसाची हाक ऐकू येई ती या गेमच्या माइकवरच. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच गेम भारतासाठी नव्या नावानं परतला. नकाशा तोच, बंदुका त्याच, जिंकल्यावरची चिकन डिनरची पाटीही तीच. तरी अनेकांना त्यात राम वाटेना. तोवर एकाला पुण्यात नोकरी लागली होती, एकाचं लग्न ठरलं होतं, एक परदेशी गेला होता. अनोळखी तिघांसोबत विमानातून उडी मारून बघितली आणि दहा मिनिटांत फोन ठेवला. हे दुःख खरं आहे. पण त्यावर नवी बंदूक, नवा पोशाख, नवा सीझन हा इलाज नाही, आणि तो इलाज म्हणून विकणाऱ्यांवर पैसे उधळू नका. टोळीतल्या त्या जुन्या तिघांना फोन लावा. गेम खेळायचाच असं नाही.

चीननं २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ऑनलाइन गेमवर शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ अशी एकेका तासाची मर्यादा घातली. आपल्याकडचे पालकही तासच मोजतात. तासांनी काय कळणार? रविवारी सलग पाच तास नवा गेम उलगडत बसलेली मुलगी आणि रोज दहाच मिनिटं, पण चुकवता येत नाही म्हणून जेवणाच्या ताटावरून उठणारा मुलगा, यांत मला काळजी वाटते ती मुलाची. विचारायचं असेल तर एवढं विचारा: आज गेम उघडला नाहीस तर काय बुडेल?

न उघडल्यानं काही बुडणार नाही असा गेम बनवणाऱ्यांना जमत नाही असंही नाही. ‘हेलो इन्फिनिट’ने २०२१ मध्ये विकत घेतलेल्या बॅटल पासची मुदतच काढून टाकली. सीझन संपला तरी पास तुमचा. वर्षानं या, राहिलेले टप्पे तेव्हा पुरे करा. २०२४ च्या ‘हेलडायव्हर्स २’ नेही तेच केलं. तिथे कंटाळलेला माणूस उठून जातो, हवा तेव्हा परततो आणि मधल्या काळात त्याचं काहीही करपत नाही. इतर कंपन्यांना हे करायला नवं तंत्रज्ञान नको, कायदा नको, परवानगी नको. पुढचा सीझन जाहीर कराल तेव्हा पासवरची शेवटची तारीख तेवढी छापू नका.