मॅन्युअल काका

मॅन्युअल काकांना कॅमेऱ्याचं मॉडेल विचारू नये. "कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात, काच बघा काच!" म्हणत ते झोळी उघडतात आणि तुमची सकाळ तिथेच संपते. रविवारी गोदाघाटावर फोटो काढायला जमणाऱ्या प्रत्येक घोळक्यात असे एक तरी काका असतातच. सगळी हयात सातपूरच्या कारखान्यात व्हर्नियर हाताळण्यात गेलेली. त्यामुळे प्लास्टिकच्या वस्तूला ते वस्तूच मानत नाहीत.

झोळीत सिलिका जेलच्या पुड्यांच्या पहाऱ्यात असते निकॉरची २४ मिमी, एफ २.८. "१९६७ चं डिझाइन! जवळच्या फोकसला आतली भिंगं वेगवेगळी सरकतात. ऐका." ते ॲपर्चरची रिंग तुमच्या कानाशी फिरवतात. टक्, टक्, टक्. दाद दिल्याशिवाय सुटका नाही.

कॅमेरा मात्र नवाकोरा मिररलेस, मुलाने भेट दिलेला. माणसाचा डोळा काय, पक्ष्याचा डोळा काय, आपणहून शोधणारा. काकांनी ॲडॅप्टर लावून पहिल्याच दिवशी त्याला या कामांतून सेवानिवृत्त केलं. जुनी लेन्स कॅमेऱ्याशी अवाक्षर बोलत नाही, म्हणून कुठलं ॲपर्चर वापरलं त्याची नोंद फोटोत उमटत नाही. ती काका डायरीत ठेवतात, शिसपेन्सिलीने. दुतोंड्या मारुती, ११. भाजीवाली, ८. भाजीवाली रागावली, ५.६.

रागावणारच. २४ मिमीने माणूस जरा मोठा दिसायचा तर त्याच्या पुढ्यातच जावं लागतं. काका हातभर अंतरावर उभे राहून रिंग फिरवणार, स्क्रीनवर कडांना लाल रेघा येईपर्यंत पुढेमागे झुलणार, वर "नैसर्गिक हसा" म्हणणार. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या पाटीकडे गेलेलं असतं.

नांदूरमध्यमेश्वरला मंडळी ६०० मिमीच्या तोफा घेऊन जातात. काका तिथेही हीच लेन्स नेतात. फ्लेमिंगो आले. काकांच्या फोटोत आकाश आलं, पाणी आलं, एक म्हैस आली आणि डावीकडे चार ठिपके. "पक्षी काय, कुणीही काढतं," काका म्हणाले. "मी अधिवास काढतो."

घरच्या लग्नातला ग्रुप फोटो तर विचारूच नका. वाइड लेन्सने कडेची माणसं आडवी ताणली जातात, हा तिचा धर्मच. पण दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या मावश्यांना तो कोण समजावणार? हल्ली आमंत्रण काकांना येतं, लेन्सला नाही.

पण रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीवर या माणसाला बघावं. वर्षभर बुजवलेला जमिनीखालचा दगडी हौद त्या दिवशी उघडतात, पोरं त्यात धप्पा मारतात आणि काठावरचे सगळे न्हाऊन निघतात. बाकीच्यांचे ऑटोफोकस उडत्या थेंबांवर भुलून कुईंकुईं करत बसतात. काकांनी ॲपर्चर ११ वर नेऊन अनंताची खूण लेन्सवरच्या, ११ च्या आकड्याच्याच रंगाच्या रेषेशी घरूनच जुळवलेली असते. सुमारे तीन फुटांपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट. फोकस करायचा प्रश्नच मिटला. कॅमेऱ्याला दुधाची पिशवी गुंडाळून (इथे प्लास्टिक चालतं) ते काठाशी बसतात आणि फक्त बटण दाबतात.

यंदाचा फोटो त्यांनी चहाच्या टपरीवर दाखवला. पोरगा हवेत आडवा, बोटांपासून रंगाची धार सुटलेली, मागे वाड्याच्या गॅलऱ्यांतून वाकलेली अख्खी आळी. आम्ही गप्पच झालो. एकजण म्हणाला, "काका, हा स्पर्धेला पाठवा."

काकांनी दोन बोटांनी फोटोचा उजवा कोपरा मोठा केला. तिथे एका खिडकीचा गज होता.

"मऊ आलाय," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी १६ वर घेऊ."