फॉल सिलिंगचे बारा क्विंटल

घर दुरुस्तीला काढलं की शहाणा माणूस आधी ते कुठे गळतं हे बघतो. मी पाहुणे कुठे बसतात ते बघितलं. आमच्या दिघोरीत घरावरचा खर्च मंडईच्या धाकाने ठरतो. भाऊबीज झाली की गावोगाव मंडया भरतात, लेकी-जावई उतरतात, रात्री वडश्याच्या कंपनीचं नाटक असतं. आणि नाटकाचा पडदा उघडेपर्यंत पाहुण्यांना यजमानाच्या छताकडे बघण्यावाचून दुसरं काम नसतं. साकोलीच्या माझ्या साडभावाकडे जांभळे दिवे लावलेलं फॉल सिलिंग आहे. ते बघितल्यापासून मला स्वतःचीच उंची कमी वाटू लागली होती.

मिस्त्रीने अंदाज दिला. हॉलचं फॉल सिलिंग २८ हजार, लोखंडी गेट ४५ हजार. रुपयांत हे आकडे फार सभ्य दिसतात. म्हणून बायकोने ते धानात मांडले. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे सिलिंग जवळजवळ १२ क्विंटल आणि गेट १९. शिवाय मंडईच्या वेळी धान अजून बांधीत, नाहीतर खळ्यावर असतो. तो खरेदी केंद्रावर मोजला जाऊन पैसे खात्यात पडेपर्यंत पाहुणे आपापल्या गावी जाऊन आपल्याला नावं ठेवून मोकळे झालेले असतात. तेव्हा हे १२ क्विंटल उधारीचे.

"होऊन जाते जी," मिस्त्री म्हणाला. हे वाक्य ज्या अंदाजपत्रकात आलं, त्याच्या बेरजेत सरळ पाचवा हिस्सा वाढवून ठेवावा. मातीच्या जुन्या भिंतीला हात लावला की ती शेजारच्या भिंतीलाही सोबत घेऊन येते, आणि वरची लाकडी मयाल उतरवली की उधईने आत किती वर्षं बिनभाड्याने संसार केला ते कळतं.

आता कवेलूंबद्दल बोललंच पाहिजे. विषय सिलिंगचा आहे हे मला कळतं, पण कवेलूंच्या घरात वाढलेल्या माणसाला छपराविषयी थोडक्यात बोलता येत नाही. दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरायचे. फेरणारा गडी वर आणि खालून त्याला सल्ले देणारे घरातले सगळे पुरुष. फुटके काढायचे, कुंभाराकडून नवे आणायचे. आणि काम संपवून गडी खाली उतरला रे उतरला की माकडांची टोळी वर चढायची. आमच्याकडच्या माकडांना कवेलूंचं जोडकाम नेमकं कळतं. कोणता कवेलू उचलला की न्हाणीतल्या माणसाशी नजरानजर होते, हेही त्यांना ठाऊक असतं. एक म्हातारा हुप्प्या तर कवेलू उचलून, आत बघून, तो नीट परत ठेवायचा. त्याच्याबद्दल आमच्या वडिलांना आदर होता. बाकीच्यांनी मात्र गावेच्या गावे टिनाखाली नेली. टीन उन्हाळ्यात भाजतं, पावसात बोलू देत नाही. पण माकडाला त्यावर नुसतं नाचता येतं. आमच्या झाडीपट्टीतली कौलारू घरं का गेली यावर कोणी प्रबंध लिहिला, तर अर्पणपत्रिका कोणाच्या नावे असावी ते मी सांगेन.

घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, असं गांधीजींनी सांगितल्याचं वास्तुकार लॉरी बेकर म्हणत. आमचं जुनं घर त्या परीक्षेत नकळत पास झालं होतं: माती बांधीतली, बांबू जंगलातला, कवेलू गावच्या कुंभाराचे. मी निवडलेल्या टाईल्स गुजरातेतल्या मोरबीच्या. माझ्या मोठेपणाला पाच मैल पुरत नाहीत.

"माय, तुले काय पायजे?" हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारला, तोही यादी पक्की झाल्यावर, रीत म्हणून.

"मले कायले काय पायजे? न्हाणीत धराले एक दांडा लावून दे. हात सुटते."

न्हाणी घरामागच्या सांदवाडीच्या टोकाला. पायरीवर पावसाळाभर शेवाळ. श्रावणात ती तिथे घसरली होती आणि कोपर पदराखाली झाकून आठवडाभर भाकरी करत होती, हे बायकोला माहीत होतं, मला नव्हतं. अंदाजाच्या कागदावर हॉल, गेट, पोर्च असं सगळं झाल्यावर तळाशी एक ओळ होती: 'मागची बाजू, नंतर पाहू.' माझा आजा गेला, बाप गेला, आणि या घरातली मागची बाजू अजून नंतरच पाहायची आहे. चूल मागे, पाणी मागे, न्हाणी मागे, बाया मागे. पाहुणा जिथे तासभर बसतो तिथे १२ क्विंटल, आणि जी बाई साठ वर्षं राबते तिच्या हाताला धरायला काही नाही. मला त्या कागदाचा राग आला. कागद माझ्याच अक्षरात होता, हे आणखी वाईट.

स्टीलचा दांडा सहाशेला आला. म्हणजे २५ किलो धान. कट्टाही भरत नाही. पायरी फोडून उतार करायचं ठरलं, न्हाणी घराला जोडायचं ठरलं, सिलिंग कटलं. मायने ऐकलं आणि म्हणाली, "बरं झालं बापा. वर पाहत बसन कोण?"

कामाला सुरुवात झाली. दांड्यासाठी भिंतीला भोक पाडता पाडता मिस्त्री थांबला. न्हाणी फोडलीच आहे, तर टाईल्स छतापर्यंत नेऊ का, म्हणाला. मोरबीचा नवा माल आहे जी, मोराचं डिझाइन, साकोलीत अजून कोणाकडे नाही.

बायको आत होती. मी हळूच भाव विचारला.

"रुपयांत सांगू का धानात?" तो म्हणाला.