डॅशमाहात्म्य

टर्मिनलमध्ये प्रोग्रामच्या नावापुढे जे शब्द टाइप केले जातात त्यांना कमांड लाइन आर्ग्युमेंट म्हणतात, आणि त्यांतला कोणता शब्द हुकूम, कोणता फाइलचे नाव व कोणता निव्वळ बोट घसरल्याचा पुरावा, हे ठरवण्याच्या कामास पार्सिंग अशी भारदस्त संज्ञा आहे. युनिक्सच्या रिवाजानुसार डॅशने सुरू होणारा शब्द ऑप्शन, म्हणजे प्रोग्रामचे वागणे बदलणारी सूचना, समजला जातो. डॅशपुढच्या अक्षरांबाबत मात्र भाऊबंदकी आहे: दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या एसएसएचला पोर्ट क्रमांक लहान लिपीतल्या ‘पी’ने सांगावा लागतो, तर फाइलींची ने-आण करणाऱ्या एससीपीला मोठ्या लिपीतल्या, कारण तेथे लहान ‘पी’ फाइलींच्या मूळ वेळा जपण्याच्या कामात आधीच गुंतलेला असतो.

खरी पंचाईत फाइलचे नावच डॅशने सुरू झाल्यावर होते. एखाद्या फोल्डरात ‘डॅश आरएफ’ नावाची फाइल असेल आणि कोणी सारे पुसण्यासाठी आरएम या फाइली पुसणाऱ्या प्रोग्रामपुढे फुली ठेवली, तर शेल, म्हणजे हुकूम वाचून प्रोग्रामला हाक मारणारा मध्यस्थ, फुलीच्या जागी सगळी नावे मांडून मोकळा होतो. लिनक्सवरचा आरएम त्या नावाला आज्ञा मानतो, कोणालाही न विचारता पोटफोल्डरांसह बाकी सर्व पुसून टाकतो, आणि या संहाराला कारणीभूत झालेली फाइल तेवढी सुखरूप राहते. यावर उतारा म्हणून दोन डॅश सुटे लिहावेत असा संकेत आहे. त्यांच्यापुढे आलेला प्रत्येक शब्द, कितीही रुबाबाने डॅश मिरवीत आला तरी, सामान्य नागरिकच गणला जातो.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पार्सिंगची ही कटकट आर्गपार्स नावाची लायब्ररी अंगावर घेते, जी 2010 साली 2.7 या आवृत्तीबरोबर भाषेच्या मूळ संचात आली. तीही भोळी आहे: ऑप्शनचा प्रकार ‘बूल’, म्हणजे खरे किंवा खोटे, असा ठरवला आणि वापरणाऱ्याने त्यापुढे स्वच्छ ‘फॉल्स’ लिहिले, तरी ती ‘ट्रू’ असाच निष्कर्ष काढते, कारण पायथनच्या लेखी रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाला खरीच असते. जाणते लोक म्हणून ‘स्टोअर ट्रू’ ही कृती वापरतात, जिच्यात ऑप्शनची नुसती हजेरीच होकार ठरते. ऑप्शनमागे ‘नो’ लावून नकार कळवण्याची तयार सोय मात्र 2020 साली, 3.9 या आवृत्तीत आली.