थाई, खुसखुशीत आणि मी

दिवाळीला डबे सगळेच वाटतात. माझा डबा मात्र असा हवा की झाकण उघडल्यावर माणसानं आधी आत बघावं आणि मग अवाक होऊन माझ्याकडे. ड्रायफ्रूटच्या खोक्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. ती सोसायटीभर फिरून भाऊबिजेपर्यंत मूळ मालकाच्या घरी सुखरूप पोचतात, एवढंच. यंदा मी थाई धाटणीची बिस्किटं भाजली. मैदा, लोणी, पिठीसाखर, भाजलेलं खोबरं आणि अगदी बारीक वाटलेला गवती चहा. काहींत कुंडीतल्या आंबेमोहोराच्या पानाचा रस. थायलंडमध्ये हे पान खिरीपासून केकपर्यंत सगळीकडे घालतात. त्या पानाला आणि आंबेमोहोर तांदळाला वास देणारं द्रव्य एकच आहे, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. अजून कुणी विचारलेलं नाही.

डब्यावर मी स्वतःच्या अक्षरात बिल्ला लावला: 'थाई लेमनग्रास कोकोनट शॉर्टब्रेड. हॅण्डक्राफ्टेड.' तळमजल्यावरच्या काकूंनी उभ्या उभ्या एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "गवती चहाची नानकटाई होय! छान झालीय हो. सर्दीला बरी." बँकॉकहून डोंबिवलीला इतक्या लवकर विमानसुद्धा येत नाही.

काकूंना मी मारियाबद्दल सांगणार होतो, पण त्यांचा कुकर झाला होता. तेव्हा आता तुम्ही ऐका. थाई मिठाई मुळात वाफेवरची, पाकातली, केळीच्या पानात बांधलेली. तिच्यात भट्टी आणि ढीगभर अंडी आली ती पोर्तुगिजांच्या संगतीनं. बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीच्या थोनबुरीकडच्या काठावर, सांता क्रूझ चर्चजवळ कुडी चीन नावाची वस्ती आहे. तिथे अजूनही बदकाची अंडी, साखर आणि मैदा फेसून केक भाजतात. लोणी नाही, सोडा नाही, नुसतं मनगट. वर मनुका आणि कोहळ्याचा पेठा.

आणि मारिया ग्योमार द पिन्या ही 17 व्या शतकातली, आयुथयाची. तिच्या रक्तात जपानी, पोर्तुगीज, बंगाली असं सगळं मिसळलेलं. वडिलांकडून नातं थेट गोव्याशी सांगतात. (हे कळल्यापासून मी तिला आपल्याकडचीच समजतो.) नवरा कॉन्स्टंटाइन फॉल्कन, ग्रीक, नाराय राजाच्या मर्जीतला. 1688 मध्ये राज्य उलटलं, फॉल्कनचं मुंडकं उडालं आणि मारियाची रवानगी आधी कैदेत आणि पुढे राजाच्या मुदपाकखान्यात झाली. फोय थोंग, थोंग यिप, थोंग योत या पिवळ्या बलकाच्या सोनेरी मिठाया तिच्याच नावावर सांगतात. पोर्तुगीज वस्तीत त्या आधीपासून होत असणार, असं काही अभ्यासकांचं म्हणणं. मी अभ्यासक नाही, मी मारियाच्या बाजूचा आहे. 'खनोम मो केंग'सुद्धा तिचीच म्हणतात: नारळाचं दूध, अंडी, ताडगूळ आणि शिजवलेली मूगडाळ यांची भाजलेली वडी. फेत्चबुरी गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. वरून काय घालतात? तळलेला कांदा. गोडावर कांदा! अनारशावर खसखस चालवून घेणारे आपण, इथे मात्र आपला धीर सुटतो.

त्या सोनेरी मिठाया आज थायलंडमध्ये शुभ मानतात, लग्नाकार्यात मांडतात. नवऱ्याचं डोकं गेल्यावर ज्या राजवाड्यानं ते उडवलं त्याच्याचसाठी साखरेचा पाक तारेवर येतोय का बघत उभं राहायचं, यात शुभ काय होतं, हे त्या बाईला कुणी विचारलं असेलसं वाटत नाही.

विचारण्यावरून आठवलं. माझ्या डब्याला दोन कप्पे होते. वर माझी बिस्किटं, खाली बायकोच्या चकल्या. भाजणी तिची, सोऱ्या तिचा, दुखरा खांदाही तिचाच. फोन मात्र मला. "भावजी, तुम्ही स्वतः केलंत? ओव्हनमध्ये?" एका मेहुणीनं तर बायकोला सांगितलं, "नशीब काढलंस हो!" चकल्या तिनं स्वतः केल्या का, असं कुणी विचारलं नाही. त्या जणू डब्याबरोबर येतात. मीही प्रत्येक फोनवर "छे हो, त्यात काय," असं म्हणत होतो, आणि 'त्यात काय' एवढं लांबवत होतो की समोरच्याला आणखी एकदा कौतुक करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बायको शेजारीच ओव्हनचा ट्रे घासत होती. ट्रेबद्दल एकही फोन आला नाही.

शेवटी तिनं हात पुसले आणि माझ्या मोबाइलवरचा मो केंगचा फोटो बराच वेळ पाहिला.

"हे करू पुढच्या वेळी," ती म्हणाली. "कांदा तू चीर, तळणीला मी उभी राहते. आणि बिल्ला मी लिहिणार."

"काय लिहिशील?"

"मूगडाळीची वडी."

"आणि थाई?"

"ते तू फोनवर सांग."