हिरवा कोणता? भिंतीला विचारा

शेडकार्डावर दोन हिरवे. एकात पिवळी झाक, दुसऱ्यात निळी. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली अख्खं घर अर्धा तास वाद घालतं आणि एकावर बोट ठेवतं.

राहायचं कुठे आहे, दुकानात?

बुंदेलखंडातलं, झाशी जिल्ह्यातलं मऊरानीपूर एकेकाळी आल नावाच्या झाडाच्या मुळांनी रंगवलेल्या लाल खारवा कापडासाठी ओळखलं जाई. रंगाचा खरा निकाल कापड वाळल्यावर लागतो, हे अशा गावाला कुणी शिकवायला नको. भिंतीच्या बाबतीत मात्र आपण वाळायचीही वाट पाहत नाही.

इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, वाळलं की गडद होतं. त्यात चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात. कार्डावरचा सोज्वळ हिरवा खोलीभर पसरला की अंगावर येतो. मग बोलणी कोण खातं? रंगारी!

उजेडाचं काय? उत्तरेच्या खिडकीत निळसर हिरवा आणखी थंड पडतो, पश्चिमेच्या उन्हात पिवळसर हिरवा आणखी पिवळा होतो. बुंदेलखंडात मे महिन्यात दुपारभर खिडक्या बंद. म्हणजे भिंत पाहायची ती दिव्यातच. आणि दिवा पिवळसर 2700 केल्विनचा की पांढरा 6500चा, हे कुणी विचारलंय?

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातं चुन्याचा रंग देतानासुद्धा आधी नमुना पसंत करून घ्यायला सांगतं. सरकारी भिंतीला जो मान, तो घरच्या भिंतीला नको?

दोन्ही रंगांचे छोटे डबे आणा. समोरासमोरच्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे पट्टे, दोन-दोन हात. सकाळी पाहा, दुपारी पाहा, दिवा लावून पाहा.

एवढं करायला वेळ नाही? मग पुढची पाच वर्षं ती भिंत पाहायला आहे?

झाक ठरली की डबा वाचा. 1775 साली रसायनशास्त्रज्ञ शीलेनं शोधलेल्या सुंदर हिरव्यात आर्सेनिक होतं, आणि तो युरोपात घरोघरी भिंतींवर चढला. आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017पासून घरगुती रंगात शिशाला 90 पीपीएमची मर्यादा आहे. भिंतीवर त्याआधीचा जुना तैलरंग असेल तर कोरडा घासू नका. ती धूळ सर्वात आधी रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते.

आणि सगळं पाहूनही दोन्ही हिरवे सारखेच आवडले तर?

फिकट घ्या. फिकटावर गडद एका-दोन हातांत चढतो. गडदावर फिकट चढवताना हात मोजावे लागतात, आणि पैसेही.