पिकअपवाले मामा

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत सकाळी एसटीची वाट बघत उभं राहिलं, की हे मामा भेटणारच. तसे ते गावोगावी असतात. झरीतले जरा जास्त मन लावून असतात. शिक्षण जुनी सातवी. इंग्रजीशी वैर नाही, पण संबंध एका शब्दापुरता: पिकअप.

तो त्यांना मेकॅनिकच्या टपरीवर सापडला. स्प्लेंडर चढाला धापा टाकायला लागली, तेव्हा कार्बोरेटर उघडत मेकॅनिक म्हणाला, "जेटमधी कचरा हाय. पिकअप घेईना गेलीय." जेट साफ झाला, गाडी पळाली, शब्द मामांकडे राहिला. वर्गात न बसता, नुसती कानावर पडून आलेली भाषाही इंग्रज 'पिक अप'च करतो. पण हे मामांना सांगून उपयोग नाही. ते म्हणतील, गाडीचं बोला.

गाडीवरून शब्द शेतात उतरला. सोयाबीन जरा पिवळं दिसलं, की मामा बांधावरूनच निदान करतात, "पिकअप नाही. युरिया फेका." परभणीत १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे, सोयाबीनचं एमएयूएस ७१ हे वाण तिथलंच. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र घेतात, वरून युरिया ओतला की झाड नुसतं पानांनी माजतं, एवढं आता बऱ्याच शेतकऱ्यांना ठाऊक आहे. मामांनाही आहे. "माजलं म्हंजे पिकअपच घेतला की!"

व्याकरणात मात्र त्यांना कुणी हरवू नये. गाडीच्या अंगातला पिकअप पुल्लिंगी. माल वाहणारी पिकअप स्त्रीलिंगी. अमेरिकेत फोर्डनं १९२५ साली मागं उघडा हौदा जोडून या नावाची गाडी विकायला काढली, तेव्हा तिला लिंगच नव्हतं. ती सोय मराठीनं केली. कापूस जिनिंगवर नेताना मामा एका दमात सांगतात, "पिकअपचा पिकअप गेलाय, अन् डायव्हर फोन पिकअप करीना गेलाय." तीन पिकअप, चूक एकही नाही. आणि हे सगळं ते बोलतात कुठं बसून? आमदार निधीतून बांधलेल्या एसटीच्या निवाऱ्याला उभा महाराष्ट्र 'पिकअप शेड' म्हणतो, तिथं.

माणसंही सुटत नाहीत. "पोरगं दहावीपस्तोर ढकलत आलं, भरतीत मात्र पिकअप घेतला." पाऊस, धंदा, निवडणुकीतला उमेदवार, सगळ्यांची तपासणी याच मापानं. स्थळ बघून आल्यावर घरचे विचारतात, नवरदेव कसा आहे? "निर्व्यसनी हाय, शेती हाय. पिकअप कमी." ठरत आलेलं लग्न तिथंच अडतं, कारण नक्की काय कमी आहे हे विचारायची कुणाची हिंमत होत नाही.

एकच विषय मामा टाळतात.

"मामा, दिवाळीला नेलेले पैसे?"

"देतो ना. सोयाबीनच्या भावाला जरा पिकअप येऊ दे."

"सोयाबीन तर तुमी मागंच इकलं."

तेवढ्यात मामांच्या खिशातला फोन वाजतो. ते काढून बघतात आणि परत ठेवतात.

"करा की पिकअप."

"ऱ्हाऊ दे. बँकेवाला हाय."